डोहातला मिशीवाला बुद्ध

मास्तरानं मला फसवलं, आणि तेही गप्प बसून. आमच्याच वस्तीतला मास्तर.

मी जुन्या सामानाचा धंदा करायचो. मोडके कंदील, दारांच्या कड्या, पितळी भांडी पुसदच्या बाजारात विकायची. यवतमाळला रेल्वेतल्या एका म्हाताऱ्या गोऱ्या साहेबाचा बंगला रिकामा होत होता. साहेब तरुणपणी पेशावरकडे पलटणीत होता. त्याच्या खानसाम्याशी मी अर्धा दिवस घासाघीस केली आणि घेतलेल्या सामानावर फुकटात हातभर उंचीची एक दगडी मूर्ती मागून घेतली. साहेब हिला बुद्ध म्हणायचे, असं खानसामा म्हणाला. मला तेवढंच हवं होतं. आम्हाला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन वर्ष झालं होतं आणि आमच्या कुडाच्या विहारात अजून नुसता कागदी फोटो होता.

वस्ती जमली. मी पोत्यातून मूर्ती काढून विहारातल्या ओट्यावर ठेवली. लाटांसारखे केस वर बांधलेले, दोन्ही खांद्यांवरून चुण्याचुण्यांचं जाड वस्त्र, सरळ नाक आणि ओठावर मिशी. मरीआईचे आणि तिच्या मिशीवाल्या राखणदाराचे शेंदरी दगड जिनं दीक्षेनंतर स्वतःच्या हातानं पूस नदीच्या डोहात टाकले होते, ती शेजारची म्हातारी पुढे आली.

"मिशा कायले रे याले? डोहात टाकला तोच देव धुवून परत आणला का तुनं?"

कोणीतरी हसलं. मग कोणीच हसलं नाही. मी भडकलो, म्हातारीवर ओरडलो आणि मास्तराला म्हणालो, तुम्ही शिकलेले, तुम्ही सांगा. त्यानं मूर्तीकडे बराच वेळ पाहिलं, चष्मा पुसला.

"पाहा लागन, भाऊ."

त्याच आठवड्यात दोन घरांत हगवण लागली. बाया विहाराचा रस्ता सोडून लांबून पाणी आणू लागल्या. बायको पोरीला घेऊन माहेरी गेली. देव सोडून वर्ष झालं होतं, पण मरीआई सूड घेते ही भीती कोणाच्या घरातून गेली नव्हती. माझ्याही नाही. भाव करताना मी कोणाच्या बापाला भ्यालो नाही, पण सकाळी विहाराचं दार उघडायला हात धजेना. ते अर्धे मिटलेले डोळे दाराकडेच लागलेले असायचे.

शेवटी भरदुपारी मी मूर्ती धोतरात गुंडाळून नेली आणि त्याच डोहात सोडली. पाणी काळं होतं. वर बुडबुडे यायला लागले तसा मी पळालो. चपला काठावरच राहिल्या.

चार वर्षांनी मास्तरानं जुनं कपाट विकायला काढलं. मी खण तपासत होतो. मागच्या फळीवर एक पुस्तक होतं, त्यात चित्र. तोच चेहरा, त्याच मिशा. खाली लिहिलं होतं, शिकंदरामागून पेशावरकडे राहिलेल्या ग्रीक लोकांची कला त्या मुलखात मुरली. आधी बुद्ध दाखवायचा तर पावलं, झाड, रिकामं आसन कोरत. मग तिथल्या कारागिरांनी त्याला माणसाचा चेहरा दिला, केस आणि वस्त्र ग्रीक देवांसारखं. पहिल्या पानावर मास्तराची सही होती आणि साल. साल मी मूर्ती आणली त्याच्या आधीचं.

मी पुस्तक त्याच्यापुढे धरलं. तो खाली बसला.

"पाह्यल्याबरोबर वळखला होता म्या. पण समदे भेले होते, भाऊ. बोललो असतो तं मलेच डोहात टाकलं असतं."

"अन् म्या टाकला तो कोण होता, गुरुजी?"

त्यानं पुस्तक मिटून माझ्याच हातात दिलं. पुढच्या उन्हाळ्यात डोह गुडघाभर झाला तेव्हा मी गाळ चाळला. शेंदरी दगड सापडले, तो सापडला नाही. वस्तीत आजही मला मिशीवाला देव आणणारा म्हणतात.

आता मास्तरानं येत्या वैशाखी पौर्णिमेला विहारात उभं राहावं आणि सगळ्यांसमोर सांगावं, मी काय आणलं होतं आणि माझ्या हातून काय बुडवून घेतलं. मी पुस्तक घेऊन पुढेच बसणार आहे.