तळहातावरून गेलेला मोर्चा

प्रोजेक्टरचा दिवा तापला की त्याच्या पत्र्याला एक वास सुटे, धूळ आणि तेल यांचा. कार्तिकात कोलकात्यात सप्तपर्णी फुलते. तिचा जड, गोडसर दर्प खिडक्यांवरच्या काळ्या पडद्यांतून आत झिरपे आणि त्या तापल्या वासात विरघळून जाई. इतकी वर्षं झाली, पण अजूनही कुठे सप्तपर्णी फुलली की माझा उजवा तळहात आपोआप मिटतो.

बदलीच्या नोकरीने मी सत्तरच्या आसपास त्या शहरात गेलो. बेहालातल्या एका शाळेच्या सभागृहात आम्ही चाळीसेक मराठी माणसं महिन्यातल्या एका रविवारी दुपारी चित्रपट बघत असू आणि निवड माझ्याकडे असे. मी डावीकडे झुकलेला, तोंडाचा फटकळ, आणि आपली आवड दुसऱ्याच्या गळी उतरवण्यात भलताच चिवट. मंडळात मात्र सगळ्या रंगांची माणसं. गार्डन रीचच्या गोदीतले अधिकारी संपाचं नाव काढताच उसळत. निवृत्त नेने तर कट्टर उजवे. "अहो, आठवडाभर बंद आणि घेराव सोसायचे, आणि रविवारी पुन्हा तेच पडद्यावर?" असं ते दर वेळी म्हणत आणि दर वेळी पहिल्या रांगेत येऊन बसत.

भांडणं टाळायला आम्ही एक रीत पाडली होती. शनिवारी तिघाचौघांनी चित्रपट आधी बघायचा. एखाद्या दृश्यावर कोणी अगदीच अडून बसलं, तर रविवारी तेवढ्यापुरता मी भिंगापुढे तळहात धरायचा. आवाज चालू राही, पडदा तेवढा काळा होई. "आला, आला, साहेबांचा हात आला!" म्हणून लोक हसत. मलाही ती तडजोड शहाणपणाची वाटे.

त्या कार्तिकात मी तागाच्या गिरणीतल्या संपावरचा एक बंगाली चित्रपट मिळवला. त्याच्या शेवटाकडे धर्मतल्ल्यातल्या एका खऱ्याखुऱ्या मोर्च्याचं दोनतीन मिनिटांचं चित्रण होतं. शनिवारी मी नेन्यांशी भांडायच्या तयारीनेच बसलो होतो. मोर्चा सरला. नेने म्हणाले, "राहू दे हो. पोरं आहेत, आपल्याच घरातल्यासारखी." मी जिंकलो होतो. घरी येताना काय फुशारलो होतो मी!

रविवारी दिवे मालवायच्या बेतात असताना सुमतीकाकू आल्या. काकू बागबाजारच्या, तीन पिढ्यांच्या कोलकातावासी, शाळेत शिकवणाऱ्या. "मराठ्यांना अडवायला इथे खंदक खणला होता, तरी आम्ही आलोच की!" असं त्यांचा मुलगा अवी बंगाली वळणाच्या मराठीत आम्हांला चिडवायचा. चळवळीत ओढला गेलेला तो अवी दीड वर्षापूर्वी सकाळी घरातून निघाला तो परतलाच नाही. चौकी झाली, इस्पितळं झाली, मित्र झाले. कोणी काही सांगेना. घरात त्याचा एक बरा फोटोसुद्धा नव्हता, कारण पोलिसांच्या भीतीने होते नव्हते ते काकूंनीच चुलीत घातले होते. त्यानंतर त्या कुठेच येत नसत. आज आल्या आणि थेट पडद्यासमोर जाऊन बसल्या.

चित्रपट पुढे सरकत होता आणि माझं लक्ष त्यांच्या पाठमोऱ्या, ताठ बसलेल्या आकृतीकडे. मोर्चा जवळ आला तसा माझा धीर सुटला. वाटलं, ती पोरं, त्या आवळलेल्या मुठी या माउलीला कशा सोसतील? कोणी सांगितलं नव्हतं, कोणी अडून बसलं नव्हतं. मी आपणहून भिंगापुढे तळहात धरला. पडदा काळा झाला. अंधारात घोषणा तेवढ्या घुमत राहिल्या. या वेळी कोणी हसलं नाही. काकू खुर्चीतून अर्धवट उठल्या आणि पुन्हा बसल्या. मला वाटलं, बरं झालं, वाचवलं मी त्यांना.

चित्रपट संपला. पुढच्या खेळाची घाई असलेला वितरकाचा माणूस डबे टॅक्सीत घालून निघूनही गेला. मी पडदे सरकवत होतो, तेव्हा काकू जवळ आल्या.

"त्या मोर्च्यात अवी आहे म्हणे. शेजारच्या मुलीने पाहिला. तिसऱ्या ओळीत, चौकड्यांच्या सदऱ्यात. म्हणून आले होते."

मी जिन्यावरून धावत खाली गेलो. रस्त्यावर ट्रामची घंटा आणि उतरतीचं पिवळं ऊन तेवढं होतं. पुढे पत्रं लिहिली, खेटे घातले. कोणी म्हणालं प्रत परत गेली, कोणी म्हणालं दमटपणाने तिला बुरशी धरली. तो चित्रपट काही पुन्हा हाती लागला नाही.

पण ते सगळं नंतरचं. त्या दिवशी धापा टाकत वर आलो, तेव्हा काकू तिथेच उभ्या होत्या. "काल तुम्ही पाहिलात ना? दिसला का हो?"

हो म्हणायला काय जात होतं माझं? अवीला मी चांगला ओळखत होतो. पण खोटं बोलवेना. "काकू, मी झेंडे बघत होतो," एवढंच कसंबसं म्हणालो.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझा उजवा हात हातात घेतला, उताणा केला आणि खिडकीशी उजेडात धरला. दिव्याच्या धगीने तळवा अजून लालसर होता. पोराचं हस्ताक्षर वाचावं तशा त्या बराच वेळ बघत राहिल्या.

"म्हणजे इथून गेला," त्या म्हणाल्या, आणि माझी बोटं हळूच मिटवून त्यांनी हात मला परत दिला.