जानकीबाईंची आंघोळ

"आलं का गरम?" सून बाहेरून विचारायची.

"बर्फ!" आतून जानकीबाई ओरडायच्या.

सोळा दिवस हेच चाललं होतं. अर्धांगाच्या झटक्यात जानकीबाईंचा उजवा हात गेला. डाव्या हाताने तांब्या घ्यायला बादलीत वाकलं की तोल जायचा, म्हणून सून आंघोळ घालायची. ज्या बाईने गुडघाभर चिखलात दुसऱ्यांच्या निम्म्या वेळात भात लावला, तिने रोज सुनेपुढे उघडं बसायचं? केसरीनाथने, तिच्या लेकाने, शॉवर बसवला, खाली प्लास्टिकची खुर्ची ठेवली. बसायचं, डाव्या हाताने नळ फिरवायचा, आपलं अंग आपण धुवायचं. एवढंच हवं होतं तिला. आणि त्या शॉवरला गरम पाणी येईना.

निजामपुऱ्याचा हसन प्लंबर तीनदा येऊन गेला. तिन्ही वेळा भरदुपारी, बाकीची कामं उरकून. तिन्ही वेळा पाणी झकास.

"मावशी, हात लावून बघा. कसं छान कोमट येतंय."

"आता येतंय रे. सकाळी येत न्हाय."

"आये, तुझं अंगच बधिर झालंय," केसरीनाथ म्हणाला. "तुला गरम-गार कळत न्हाय."

"उजवं बधिर झालंय. डाव्याने मुस्काटात दिली तर तुला कळंल."

हसन हसला. ते हसणं तिला फार लागलं. आजारी माणसाचं म्हणणं कुणी ऐकत नाही, त्यात म्हातारी बाई असली की बघायलाच नको. चौथ्या वेळी तिने नातीला नंबर लावायला सांगून स्वतःच फोन केला. "उद्या सकाळी सहाला ये. न्हाय आलास तर तुझ्या घरी येऊन आंघोळ करीन."

हसन आला. सहाला पाणी आलं आणि आळीतल्या सगळ्या मोटरी एकदम घुमायला लागल्या. पाणी दीड तास. तेवढ्यात आंघोळ, धुणं, भांडी, सगळं उरकायचं. गच्चीवर दोन हजार लिटरची टाकी बसली तरी या घराची सवय सुटली नव्हती. पाणी असताना जो आंघोळ करत नाही तो आळशी, हा इथला कायदा.

हसनने गरम नळ उघडला. पोळलं. गार नळ केसभर उघडला. बर्फ. पुन्हा तेच. तो तसाच ओल्या बाहीने बाहेर गेला आणि मोटरचं बटन बंद केलं. आत येऊन धारेखाली हात धरला. कोमट, अगदी हवं तसं.

"केसरीशेठ, ही मोटर शॉवरला कुणी जोडली?"

तोंडात ब्रश घालून केसरीनाथ उभा होता. "मोटरवाल्याने. टाकीच्या पाण्याला जोरच न्हवता. हॉटेलात कसं धाडधाड पडतं!"

"जोर आला, पण नुसत्या गारला. गरम येतं टाकीतून गिझरवाटे, हळूहळू, आणि हे मोटरचं दांडगं गार त्याला बाहेरच पडू देत नाही. दुपारी मोटर बंद, तेव्हा गारही टाकीतूनच उतरतं, म्हणून मला सगळं ठीक दिसायचं. तीनदा गाढव झालो मी. माफ करा, मावशी."

गोदामांसाठी जमीन विकून बंगला झाला, तेव्हा शेठला पाण्याचीही मिजास हवी झाली. नळाच्या लायनीवर थेट मोटर लावून तो पाणी ओढायचा, आणि आळीच्या टोकाची चार घरं रिकाम्या कळश्या घेऊन बसायची. त्याबद्दल दोन वर्षांत कुणी ब्र काढला नाही. शेवटी त्याच मोटरने त्याच्या आईला गारठवलं, तेव्हा कुठे कुणीतरी त्या मोटरकडे बघितलं.

"आज दुपारी शॉवरला येणारा मोटरचा पाइप कापतो," हसन म्हणाला. "गारही कायमचं टाकीतूनच घेऊ. धार बारीक पडेल."

"पडू दे. तू दुपारी काप. मोटर आत्ता बंद ठेव." जानकीबाईंनी टॉवेल खांद्यावर टाकला.

"आये, टाकी भरायची हाय! पाणी जाईल!"

"जाऊ दे. हसन, त्या बटनाजवळ स्टूल घेऊन बस. कुणी हात लावला तर मना हाक मार."

दार लागलं. हसन स्टुलावर बसला. केसरीनाथ तोंडाला फेस तसाच ठेवून फेऱ्या मारू लागला. पावणेसात झाले. सात झाले. आतून बारीक धारेचा आवाज आणि मधेच जानकीबाईंचं गुणगुणणं. बाहेर सून धुण्याचा ढीग घेऊन उभी.

"आये, झालं का गो?" केसरीनाथने दारावर थाप मारली.

"केस धुवायचं हायेत अजून. एका हाताने वेळ लागतो."