पार्किंगच्या जागेवरचं झाड

त्या भागातल्या निम्म्या दुकानांचं बारसं नकाशेवाल्यांच्या टेबलावर झालेलं होतं. राहत्या घराचं दुकान करायचं म्हटलं की जमिनीचा वापर बदलून मागणारा अर्ज आला, आणि अर्जासोबत साइट प्लॅन, म्हणजे जागेचा नकाशा, आलाच. हद्द, रस्ता, गटार, शेजाऱ्याची भिंत, सगळं ते स्वतः टेप धरून मोजत. माणूस सरळ, रेघही सरळ. खोड एकच. झाड म्हणून एक गोल काढला तरी कचेरीला चालतं, पण हे पान न् पान काढत, तेही गडद शाईत. त्यांची फाइल दिसली की कचेरीतला शिपाई म्हणे, "आलं जंगलखातं." नकाशेवाले ते कौतुकच समजत. बायको म्हणायची, घरातली एक कुंडी यांच्या हातून जगत नाही आणि कागदावर अरण्यं उभी करतात.

या खेपेला अर्ज त्यांच्या धाकट्या बहिणीचा होता. आयुष्यभर दुसरीच्या दुकानात कपडे शिवून झाल्यावर तिला स्वतःच्या पुढच्या खोलीत मशीन मांडायचं होतं. अंगणात तुतीचं डेरेदार झाड. दादाने बहिणीचं काम म्हणून जीव ओतला आणि तुतीला इतकी पानं काढली, की अंगण दिसेनासं झालं.

फाइल परत आली. शेरा असा, की गिऱ्हाइकांच्या गाड्यांना जागा नाही.

बहीण फाइल घेऊन दादाकडे आली. जुन्या मालकिणीला ती काम सोडत असल्याचं सांगून बसली होती, आणि तिच्या जागी दुसरी बाई आलीही होती. ती म्हणाली, "दादा, झाड तोडून टाकू का?"

नकाशेवाल्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला. तिला घेऊन ते तडक कचेरीत गेले. तपासणाऱ्या बाईंनी प्लॅन समोर पसरला.

"काका, माप अगदी चोख आहे. पण गाडी कुठं लावायची? पानांवर?"

झाडाखाली गाडी उभी राहते हे शेंबडं पोरही सांगेल, असं नकाशेवाले म्हणाले.

"ते पोर सही करत नाही ना, मी करते. डेरा तुटक रेघेने दाखवा, मधे खोड, आणि खाली गाड्या. झाडाला हात लावायचं काम नाही."

घरी येऊन त्यांनी नवा कागद ताणला. बहिणीने कोपरे दाबून धरले. मधे खोडाचा टिकलीएवढा ठिपका, भोवती तुटक गोल, खाली दोन चौकोनी गाड्या. एवढ्यावरच झाड संपलं. नकाशेवाले पेन हातात धरून बसून राहिले, जेवणावरून अर्ध्यात उठवल्यासारखे.

बहिणीला दया आली. "एखादं पान काढ रे कडेला. कोण बघतंय?"

"नको," ते म्हणाले, "पुन्हा तुझी गाडी अडायची."

या वेळी मंजुरी विनातक्रार आली. दुकान उघडलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या बायका लोटल्या. ब्लाउज, परकर, उसवलेल्या पिशव्या, काय काय घेऊन आल्या. नकाशेवाले तुतीखाली खुर्ची टाकून दोन गाड्यांची जागा राखत बसले होते. संध्याकाळपर्यंत एकही गाडी आली नाही. सगळ्या पायीच आल्या होत्या.