सासरच्या साखरेचा धसका

काय हो, "तुमच्या घरातले आजार सांगा" म्हटलं, तर तुम्ही कोणाचे सांगाल? आता मी काय करून बसले ते ऐका!

मी चिंचवडच्या एका दवाखान्यात नर्सताईंच्या हाताखाली काम करते. तिथे आम्हाला शिकवायला एक मॅडम आल्या. आजार पिढ्यांतून कसे उतरतात, एकाच आजाराला दोघांना वेगळं औषध का लागतं, सगळं छान समजावलं. मी दहावी शिकलेली, पण मलाही कळलं बरं का! शेवटी म्हणाल्या, "पेशंटला विचारायच्या आधी स्वतःचं करून बघा. उद्या घरातल्या तीन पिढ्यांचे आजार लिहून आणा."

संध्याकाळी कुरुळीला घरी येऊन सासूबाईंना पुढ्यात बसवलं. "आत्या, आजेसासरे कशानं गेले?"

"गेलेल्यांची नावं आता कशाला गं?"

तेवढ्यात दीर आले. कागदावर तीन पिढ्या बघून त्यांचा चेहराच उतरला. आमच्याकडे जमिनीला काय भाव आलाय, ठाऊक आहे ना? वंशावळ दिसली की माणसाला दुसरं काही सुचतच नाही!

"वैनी, वाटणी पायजे तर सरळ सांगा की! आजाराचं निमित्त कशाला?"

मी देवाची शपथ घेतली तेव्हा भावजी निवले. मग त्यांनी जावेपासून लपवलेलं स्वतःचं बीपीही सांगून टाकलं!

तक्ता असा झकास झाला म्हणता! पण निम्म्या घराला साखर. मी धसकाच घेतला. सकाळी चहा बिनसाखरेचा!

मॅडमनी तक्ता बघितला. "सुंदर! यात तुम्ही कुठे?"

"ही काय, थोरली सून!"

"आणि तुमची आई?"

"ती कशी येईल? ती माहेरची!"

सगळ्या नर्सताई खो खो हसल्या. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "मावशी, सासूचे आजार सुनेत उतरत नाहीत. आईला काय होतं?"

माझं हसू तिथंच विरलं. "छातीत गाठ. तिच्या बहिणीलाही."

"तुमची तपासणी कधी झाली?"

इतकी वर्षं दुसऱ्या बायकांना हाताला धरून तपासणीला नेलं, स्वतः एकदाही आत गेले नाही! त्या मॅडमचे उपकार कसे फेडू?

घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "साखर माझी आन् गोड सोडलंस तू? येडी का काय! उद्या मी येते संगं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासणी झाली, गाठ नव्हती, दरवर्षी यायला सांगितलं, आणि घरी येऊन मी चहात दोन चमचे साखर घातली.