बुलडॉगला आलेलं स्थळ

आमच्या टेक्सासमधल्या प्लेनो गावातल्या शेजारच्या काकांचा बुलडॉग घोरायला लागला, की हायवेवरचे ट्रक साइड देतात. खोटं वाटत असेल तर येऊन ऐका! काका त्याला ‘चिरंजीव’ म्हणतात आणि बोलण्याआधी त्याच्यासारखेच फुरफुरतात. चिरंजीवांचं एक तरी पिल्लू घरात बागडावं, एवढीच त्यांची हौस.

परवा माझ्यासमोरच स्थळ आलं. मागच्या रस्त्यावरच्या काकू आपल्या कुत्रीचा फोटो दाखवत म्हणाल्या, “बघा भाऊ, काय क्यूट आहे! नाक इतकं चपटं, की शोधावं लागतं!”

काका फोटोकडे बघतच राहिले. मग फुरफुरले.

“वहिनी, मुलाकडचे दोष लपवतात, पण मी सांगतो. याला श्वास पुरत नाही. नाकाचं ऑपरेशन झालं, आता खुब्याचं आहे. तुमच्या मुलीचंही नाक असंच. पिल्लांनी श्वास घ्यायचा कुठून?”

“अहो, बुलडॉग असेच असतात!”

“म्हणूनच नको.”

काकू फणकाऱ्याने गेल्या. काकांनी तिथल्या तिथे डॉक्टरला फोन लावून चिरंजीवांच्या नसबंदीची अपॉइंटमेंट घेतली. मग तो क्विंटलभर ऐवज उचलून मांडीवर घेतला आणि पाय बधिर झाले तरी खाली ठेवला नाही.