रुपराव मामांचा पटवारी आणि दोन कांदे

रुपराव मामांच्या डोक्यात एक पटवारी राहायचा. त्या आजाराला डॉक्टर स्किझोफ्रेनिया म्हणत, मामा म्हणत, "आमचा पटवारी." पाटबंधारे खात्यात बाबू असल्यामुळे असल्या माणसांची त्यांना सवय होती. गोळ्यांनी तो बराचसा गप्प असे, पण गर्दी दिसली की बोलायला लागे आणि मामा त्याला मोठ्यानं उत्तर देत.

अठ्ठ्याहत्तर साली माझ्या बहिणीचं, उत्तराचं लग्न ठरलं. नवरीला बोहल्यावर आणायचा मान मामाचा.

"त्याले कोठीत बसवा," भैय्याजी काका म्हणाले. "तिथं लाडवाच्या टोपल्याईसंगं बोलत बसन."

मामांनी ते ऐकलं, आणि जिवाला लावून घेतलं.

दोन वर्षांपूर्वी मामा मलेरियानं फणफणले होते, तेव्हा आठ दिवस पटवारी रजेवर होता. म्हणजे ताप पाहिजे. लग्नाच्या चार दिवस आधी मामा दोन्ही काखांत एकेक कांदा दाबून बसले. शाळेत आम्ही गणिताच्या पेपराला हेच करायचो. उपाय मीच सुचवला, हे घरात अजून कोणाला माहीत नाही.

ताप आला नाही, वास आला. सुभद्रामामींनी त्यांना धरमपेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं.

"कांद्यानं फार तर कातडी तापेल, रुपराव," डॉक्टर खिडकी उघडत म्हणाले. "खऱ्या तापात रक्तातल्या पेशी जंतूंशी भांडतात. त्या भांडणाचा मेंदूवरही परिणाम होत असावा, असा काहींचा तर्क आहे. एखाद्याचा पटवारी तापात गप्प बसतो, एखाद्याचा जास्तच बोलतो. असं का, ते आम्हालाही कळलेलं नाही. तुम्ही गोळ्या घ्या. कांदे भाजीत घाला."

"अन् तो मांडवात बोलला तं?"

"हळूच गप्प करा. ऑफिसात करता तसं."

लग्नात मामांनी उत्तराला झोकात बोहल्यावर आणलं आणि मागे उभे राहिले. नवरदेवाच्या आत्या शोभाताईंनी स्वतः रचलेलं अकरावं मंगलाष्टक धरलं. पाहुण्यांच्या मुठीतल्या अक्षता घामानं भिजल्या होत्या. तेवढ्यात पटवारी जागा झाला.

मामा होईल तितक्या हळू म्हणाले, "बस झालं आता. चूप बस."

माईक समोरच होता.

शोभाताई बसल्या. अक्षता पडल्या, बँड वाजला. सकाळपासून उपाशी असलेल्या भैय्याजी काकांनी मामांना कडकडून मिठी मारली आणि पहिल्या पंगतीला स्वतःशेजारी बसवलं.

"पटवारी काय म्हणून राहिला होता, मामा?" मी जेवताना विचारलं.

मामांनी लाडू फोडला. "त्याले गाणं आवडलं होतं. अजून एक होऊ द्या, म्हणे."