व्हॉल्व्ह काढल्यानंतरही

लोकांचे पिंपळाखालचे, पडक्या विहिरीजवळचे अनुभव मी वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. माझी सगळी नोकरी अंबरनाथच्या एमआयडीसीत, इलेक्ट्रिकल मेंटेनन्समध्ये गेली. एखादी वस्तू तापली की तिला कारण असतंच, सापडायला वेळ लागतो एवढंच – अशा मताचा मी माणूस. म्हणून हे लिहायचं बरेच दिवस टाळलं...

माझी मोठी बहीण, सुमनताई, बदलापूरला मांजर्लीत राहते. तिसरा मजला, वन बीएचके. तिचे यजमान, आमचे भाऊजी, गाण्याचे वेडे. रिटायर झाल्यावर त्यांनी उल्हासनगर कॅम्प चारमधून व्हॉल्व्हचा, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या नळ्यांचा, एक जुना अ‍ॅम्प्लिफायर आणला. आवाज गोड, पण लहान. आणि भाऊजींना ऐकू कमी यायला लागलं होतं. कानाचं मशीन लावायला मात्र ते तयार नव्हते.

"शरद, यात मोठे व्हॉल्व्ह बसतात म्हणे," ते मला म्हणाले. आम्ही कॅम्प चारला लछूभाई मेकॅनिककडे गेलो.

"बैठ तो जायेगा साईं, पिन सेम है," लछूभाई म्हणाला. "पर बडा व्हॉल्व्ह करंट डबल खायेगा. ट्रान्सफॉर्मर भी बडा डालो, नहीं तो जल जायेगा."

मग सिक्स व्ही सिक्सचे लहान व्हॉल्व्ह काढून सिक्स एल सिक्सचे चार मोठे बसवले. ट्रान्सफॉर्मर बदलला, व्हॉल्व्हने किती करंट घ्यायचा ते ठरवणारा बायसही नव्याने लावला. आवाजाने घर भरलं! फक्त डबा तापायचा भारी. दुपारी जेवणं झाली की भाऊजी गाणी लावायचे. थंडीत ताईची बोटं आखडतात, ती शेजारी बसून ट्रान्सफॉर्मरच्या पत्र्यावर हात शेकायची. डोळे मिटूनच भाऊजी विचारायचे, "बरं वाटतंय का गं?"

दिवाळीनंतर भाऊजी गेले. हार्ट.

दिवस झाल्यावर ताई मला म्हणाली, "यातले व्हॉल्व्ह घेऊन जा तू. कुणी चुकून लावला तर मला सोसायचं नाही." मी चारही व्हॉल्व्ह कागदात गुंडाळून अंबरनाथला घरी आणले. वायर गुंडाळून अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे ठेवली.

थंडी पडली आणि एका दुपारी ताईचा फोन आला. "शरद, तो डबा गरम लागतोय रे."

मला वाटलं, एकटी असते, मन खेळ करतंय. तरी गेलो. प्लग काढलेलाच होता. व्हॉल्व्हच्या जागा रिकाम्या... आणि ट्रान्सफॉर्मर गरम. नुसता कोमट नाही – गाणी आत्ताच बंद केल्यासारखा. ऊन तिथे येत नाही. भिंतीत वायरिंग नाही. मीटर लावला, शून्य. चार वाजायच्या सुमारास तो आपोआप निवला. दुसऱ्या दिवशी जेवणानंतर पुन्हा तेच.

मी लछूभाईला घेऊन आलो. त्याने खालचं झाकण उघडून सगळं तपासलं, मग पत्र्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "साईं, इसमें तो जान ही नहीं है," एवढंच म्हणाला. चहासुद्धा न घेता गेला.

ताईला भीती वाटली नाही. तीच तर पंचाईत झाली. ती दुपारी कुठे जाईना. शेजारणींनी बोलावणं सोडलं. पुण्याला अनघाचे, तिच्या लेकीचे, दिवस भरत आले होते, तरी ताई हलेना.

"मी गेले की हा गार पडेल," ती म्हणायची.

एकदा दुपारी मी तिथे असताना, डबा तापलेला असतानाच अनघाचा फोन आला. स्पीकरवर होता. "आई, डॉक्टर लवकर अ‍ॅडमिट व्हा म्हणतायत... मला भीती वाटते गं. बाबा तर नाहीतच, तू तरी ये ना!" आणि ती रडायलाच लागली.

ताईने फोन ठेवला. मग अ‍ॅम्प्लिफायरजवळ बसली. दोन्ही हात त्यावर ठेवून, भाऊजी समोर असल्यासारखी म्हणाली, "अहो, बास आता. पोरीला माझी गरज आहे. तुम्ही नका थांबू."

मी शेजारीच होतो. तिने हात उचलले तसा मी माझा ठेवला. एवढा लोखंडी ट्रान्सफॉर्मर निवायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक आहे. तो माझ्या हाताखाली गार होत गेला – पाहता पाहता, फरशीइतका गार.

त्याच संध्याकाळी मी ताईला पुण्याला सोडून आलो. नातू झाला. बाळ-बाळंतीण दोघं सुखरूप. ताई काही महिन्यांनी परत आली, चपला काढल्या न काढल्या तोच त्या डब्याशी गेली. हात ठेवला. नंतर कित्येक दुपारी ठेवत राहिली.

तो पुन्हा कधी तापला नाही.

तो का तापत होता हे मला आजही सांगता येत नाही. ताईला त्याचं काही नाही. ती वेगळंच विचारते. परवाही भाजी निवडता निवडता थांबली आणि म्हणाली, "शरद, मी थोडा वेळ थांबा म्हटलं असतं... तर थांबले असते का रे ते?"